हशाखाली दबलेलं वाक्य

एकाच प्रसंगाचे दोन टेक आमच्याकडे होते. पहिल्यात प्रेक्षक पोट धरून हसले, पण ज्या वाक्यावर पुढची सगळी गोष्ट उभी होती तेच वाक्य त्या हशाखाली दबून गेलं. दुसऱ्यात वाक्य खणखणीत ऐकू आलं, पण हसलं कुणी नाही. भागात कुठला टेक लावायचा यावर आमच्या गटात बरेच दिवस वाद चालला. संकलन माझ्याकडे होतं, त्यामुळे दोन्ही टेक मी इतरांपेक्षा जास्त वेळा पाहिले आणि ऐकले. प्रेक्षकांना समोर बसवून विनोदी मालिका चित्रित करताना पडद्यामागे काय काय घडतं, ते या एका प्रसंगात जवळपास सगळं आलंय. म्हणून तो इथे पूर्ण मांडतो.

आमचा गट बडोद्यातल्या मराठी हौशी नाटकवाल्यांचा. दांडिया बाजार आणि रावपुऱ्यातली माणसं. कुणी बँकेतून निवृत्त, कुणी शाळेत शिकवणारं, कुणी अजून कॉलेजात. गणपतीत एकांकिका करायची आणि एरवी जमेल तसं नाट्यवाचन, हा आमचा रिवाज. अर्ध्या तासाचे विनोदी भाग करायची कल्पना निघाली तेव्हा पहिलं नाव अर्थातच चिं. वि. जोशींचं आलं. चिमणराव लिहिणारे चिं. वि. इथे बडोदा कॉलेजात पाली शिकवत, संस्थानाच्या राजदफ्तराचं कामही त्यांनी पाहिलं. १९६३ मध्ये ते गेले, म्हणजे त्यांच्या लेखनावरचा ६० वर्षांचा हक्क २०२३ बरोबर संपला; परवानगीचाही प्रश्न नव्हता. ज्यांनी मुंबईला नातेवाइकांकडे राहून दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांना पाहिलं होतं, त्यांचे डोळे तर लगेच चमकले. पण चिमणराव पुण्याचे, आणि आम्हाला घर बडोद्याचं हवं होतं. स्वयंपाकघरात मराठी, जिन्यात गुजराती, आणि भांडण झालं की दोन्ही एकदम. म्हणून गोष्ट आम्हीच लिहिली.

गोष्ट साधी. ज्येष्ठा गौरींच्या आवाहनाचा दिवस. मुहूर्त टळत आलाय आणि गौरींचे मुखवटे कुलूपबंद कपाटात अडकलेत. किल्ली सापडत नाही. साताऱ्याहून आलेली आत्या हुकूम सोडतेय, नानी हवालदिल झालीय, आणि नाना कपाटाच्या डोक्यावर किल्ली शोधायला घडीच्या लोखंडी खाटेवर चढतात. खाट मिटते. मिटलेल्या खाटेच्या आतून नाना ओरडतात, ‘अगं, आठवलं! किल्ली मीच शेजारच्या बेनकडे ठेवायला दिली!’ इथून पुढचा सगळा भाग म्हणजे ती किल्ली बेनच्या घरातून बिनबोभाट परत आणायची धडपड, कारण बेनशी आठवडाभर अबोला आहे. वाक्य ऐकू आलं नाही, तर पुढे बारा मिनिटं ही माणसं शेजारच्या दाराभोवती का घुटमळताहेत हे कळायला मार्ग नाही.

आता, प्रेक्षक बोलवायचे तरी कशाला? आमच्या कॅमेरावाल्या मुलाचा हा पहिल्या दिवसापासूनचा प्रश्न होता. एका कॅमेऱ्याने, एकेक शॉट घेत, निवांत चित्रीकरण करता येतं. आजच्या कितीतरी मालिका तशाच होतात. त्याला मी ‘आय लव्ह लूसी’ या विनोदी मालिकेचं उदाहरण दिलं होतं आणि आजही देईन. १५ ऑक्टोबर १९५१ ला अमेरिकेत सीबीएस या वाहिनीवर ती सुरू झाली. त्याआधी तिची नायिका ल्युसिल बॉल रेडिओवर एक विनोदी मालिका करायची, आणि ती समोर माणसं असली की वेगळीच खुलते हे तिच्या लोकांना तिथे पक्कं कळलं होतं. त्यामुळे दूरचित्रवाणीवरही प्रेक्षक हवेतच. दुसरीकडे तिला आणि तिचा नवरा डेझी आर्नाझ याला हॉलिवूड सोडून न्यूयॉर्कला जायचं नव्हतं. हॉलिवूडहून थेट प्रक्षेपण केलं, तर देशाच्या पूर्वेकडच्या लोकांना पडद्यावरून पुन्हा चित्रित केलेली धुरकट प्रत मिळाली असती. यातून वाट निघाली ती अशी: ३५ मिलिमीटर फिल्म, तीन कॅमेरे एकाच वेळी चालू, आणि समोर बाकांवर सुमारे ३०० माणसं. नाटकासारखा प्रयोग करायचा आणि सिनेमासारखा जोडायचा.

जाता जाता एक गोष्ट सांगतो. फिल्मवर घेतल्यामुळेच तिचे भाग आज स्वच्छ पाहायला मिळतात. आपल्याकडे टेप महाग, त्यामुळे त्याच टेपवर पुन्हा पुन्हा चित्रण व्हायचं; दूरदर्शनच्या चिमणरावांचे मोजकेच भाग आज हाताला लागतात. याची हळहळ मला नेहमी वाटते.

लूसीचा छायालेखक कार्ल फ्रॉइंड जर्मन मूकपटांतून आलेला, ऑस्कर मिळवलेला माणूस. सिनेमात त्याला प्रत्येक शॉटसाठी दिवे नव्याने लावायची सवय. इथे प्रसंग चालू असताना दिवे हलवणार कसे? त्याने बहुतेक उजेड वरून आणि सगळीकडे सारखा पाडला, नेपथ्य राखाडीच्या वेगवेगळ्या छटांत रंगवून घेतलं, आणि नट कुठेही गेला तरी तिन्ही कॅमेऱ्यांना चालेल अशी सोय केली. याचा खरा फायदा नटाला होतो, आणि हेच मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. नटाला थांबावं लागत नाही. हसणाऱ्यालाही थांबावं लागत नाही. तीन कॅमेरे हा खटाटोप त्या न थांबण्यासाठी आहे.

आमची मांडणी त्याच वळणाची, आमच्या ऐपतीत. एका मंडळाचा छोटा हॉल, समोर ८० खुर्च्या. मधला कॅमेरा रुंद, सगळी खोली दाखवणारा, डावा नानांवर, उजवा नानी, आत्या आणि दारातल्या बेनवर. एलईडी दिवे वर बांबूला बांधून त्यांच्याखाली बटर पेपर लावलेला. तिन्ही कॅमेऱ्यांचं शटर १/५० सेकंदावर, नाहीतर आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर स्वस्तातले दिवे चित्रात लुकलुकतात. जमिनीवर रंगीत चिकटपट्ट्यांच्या खुणा. नटांना कॉलर माईक, वर टांगलेला एक लांब माईक, आणि प्रेक्षकांच्या डोक्यावर वेगळे दोन माईक, त्यांचा आवाज वेगळ्या ट्रॅकवर. हॉलमध्ये स्पीकर लावायचा नाही हे आधीच ठरलं होतं. स्पीकरमधला आवाज पुन्हा माईकमध्ये शिरला की संकलनात काहीच सुटं करता येत नाही. आणि टेक चालू असताना पंखे बंद. ऑक्टोबरचा उकाडा होता. ही पंख्याची गोष्ट लक्षात ठेवा.

खाटेवर आम्ही सर्वांत जास्त मेहनत घेतली होती. लूसीच्या लेखकांत मॅडेलिन प्यू ही बाई होती. अंगाने करायच्या करामती ती आधी स्वतः करून पाहायची आणि मग ल्युसिल बॉलला द्यायची. चॉकलेटच्या कारखान्याचा जो प्रसिद्ध प्रसंग आहे, त्यात लूसीच्या शेजारी बसलेली बाई खरोखर चॉकलेट बुडवण्याचं काम करणारी होती. विनोदातली वस्तू खरी चालली पाहिजे, हा आग्रह तिथून आम्ही उचलला. वेल्डरकडून खाटेच्या एका पायाला खीळ बसवून घेतली, खिळीला तंगूस बांधला, तंगुसाचं दुसरं टोक कपाटामागे लपलेल्या मुलाच्या हातात. तो ओढणार, एक पाय दुमडणार, खाट एका अंगाला कलणार, नाना घसरत खाली येणार. खाली कापसाची जाड गादी, वर सतरंजी. तालमीत हे पुष्कळदा करून झालं होतं, आधी गटातल्या दणकट मुलांनी आणि मग नानांचं काम करणाऱ्या काकांनी.

पहिला टेक

मुलाने तंगूस ओढला. ठरलेला पाय दुमडला, आणि त्याच्या धक्क्याने दुसरा पायही सुटला. खाट कलली नाही, पुस्तकासारखी मिटली, आणि काका आत. बाहेर दिसत होते फक्त त्यांचे दोन पाय, धोतरातून वर आलेले, आणि एका पायात चप्पल. क्षणभर हॉल गप्प. काकांनी चप्पल असलेला पाय सावकाश हलवला, म्हणजे आपण ठीक आहोत हे आम्हाला सांगितलं. प्रेक्षकांना मात्र तो विनोदाचाच भाग वाटला. आणि हॉल फुटला.

तो हशा सुमारे १९ सेकंद टिकला. चौथ्या सेकंदाला काकांनी, तालमीतल्या सवयीने, आतून किल्लीचं वाक्य म्हटलं. कुणाला ऐकू आलं नाही. नानी करणाऱ्या मावशींना ते ओठांवरूनही कळणं शक्य नव्हतं, माणूसच खाटेत होता. पण त्या इतक्या मुरलेल्या की अंदाजाने पुढचं वाक्य घेऊन त्यांनी प्रसंग तडीला नेला. डाव्या कॅमेऱ्याची चौकट तो चालवणाऱ्या मुलाच्या हसण्याने थोडी थरथरली. मधला जागचा हलला नाही.

दिग्दर्शकाने लगेच दुसरा टेक मागितला. माझ्या मते त्या क्षणी दुसरं काही सुचणं कठीणच होतं.

खाट उभी करायला, खीळ बसवायला, काकांच्या अंगावरची धूळ झटकायला वेळ गेला. पंखे थोडे फिरले, पुन्हा बंद झाले. दुसऱ्या टेकमध्ये सगळं ठरल्याप्रमाणे झालं. एकच पाय दुमडला, खाट कलली, काका घसरले, थोडे थांबले, वाक्य स्वच्छ आलं. कॅमेरे तिन्ही स्थिर. आणि हॉलमधून सौजन्याचं ‘हं हं’. काका हशासाठी थांबले होते, हशा आला नाही, त्यामुळे ते थांबणंच पडद्यावर एखाद्या विसरलेल्या वाक्यासारखं दिसतं. मावशींच्या चेहऱ्यावरही ती किंचित घाई दिसते. रिकामी जागा भरून काढायची घाई.

असं का झालं हे मी ट्रॅक ऐकून ताडायचा प्रयत्न केला. काही कारणं उघड आहेत. खाट पडणार हे लोकांना माहीत झालं होतं. पहिल्या वेळी जे दोन पाय दिसले ते आता दिसले नाहीत, म्हणजे तुलनेत हा प्रसंग पडेलच. पण प्रेक्षकांचा ट्रॅक नीट ऐकला तर टेकच्या आधीच हातपंख्यांची, वहीच्या पुठ्ठ्यांची फडफड ऐकू येते. माणसं घामाने बेजार झाली होती. घामेजलेला प्रेक्षक खुर्चीत मागे रेलतो, आणि मागे रेललेला माणूस लवकर हसत नाही. आमच्या नाटकवाल्यांना हे वर्षानुवर्षं माहीत आहे. कॅमेऱ्यांच्या धांदलीत तिकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

चार वाटा

टेबलावर चार वाटा होत्या, आणि प्रत्येकीचा एक कैवारी.

कॅमेरावाल्या मुलाचं म्हणणं, दुसरा टेक लावा आणि त्याच्याखाली पहिल्याचा हशा टाका. तांत्रिकदृष्ट्या अर्ध्या तासाचं काम. आणि हा काही त्याचा शोध नव्हे; सीबीएसचा ध्वनितंत्रज्ञ चार्ली डग्लस याने पन्नासच्या दशकात साठवलेल्या हशांचं यंत्रच बनवलं होतं, बटण दाबलं की हवा तसा हशा. त्यावर पुढे कितीतरी मालिका चालल्या. पण काका ऐकेनात. ‘अरे, लोक त्या पायांना हसलेत. तू ते हसणं दुसऱ्या पडण्याला चिकटवणार? ते माझं पडणंच नव्हे.’ मुलगा म्हणाला, ‘काका, घरी बसून बघणाऱ्याला काय कळणार आहे?’ काका म्हणाले, ‘मला कळेल ना.’

मला काकांचं पटलं, पण कारण वेगळं. जोडून पाहिल्यावर ते खोटं वाटलं. हशाला आकार असतो. पहिल्या टेकचा हशा आधी एक शांत क्षण घेतो, मग एकदम उसळतो, ओसरतो, आणि चप्पल हलल्यावर पुन्हा चढतो. दुसऱ्या टेकच्या चित्रात ती चप्पलच नाही. कान आणि डोळा यांचं जमेना.

दुसरी वाट मावशींची: हशा अजिबात नको, भाग कोरडाच ठेवा. याला आधार आहे. युद्धातल्या लष्करी इस्पितळावरच्या ‘मॅश’ या अमेरिकन विनोदी मालिकेत, तिचा लेखक लॅरी गेलबार्ट याच्या विरोधामुळे, शस्त्रक्रियेच्या खोलीतल्या प्रसंगांत हशा घालत नसत, आणि ते प्रसंग त्यामुळेच अंगावर येतात. पण आमचे नट जागोजाग हशासाठी थांबले होते. हशा काढला की ती सगळी थांबणी उघडी पडतात. ही वाट चित्रीकरणाच्या आधी निवडायची असते, नंतर नाही.

तिसरी वाट, पहिला टेक ठेवून काकांकडून वाक्य डब करून घ्यायचं. मी करून पाहिलं. कॉलर माईकवर मूळ वाक्य होतं, पण हशा त्यातही शिरलेला. नवं वाक्य वर ठेवलं की हशा खाली ओढावा लागतो, आणि ८० माणसं एकदम तोंडावर हात ठेवल्यासारखी गप्प होतात. ऐकवत नव्हतं.

चौथी वाट आत्या करणाऱ्या बाईंनी सुचवली, आणि ती तंत्राची नव्हती, लेखनाची होती. ‘नाना बोलले ते जाऊ द्या. किल्ली कुणाकडे आहे हे बेनलाच बोलू द्या की!’ बेन त्या वेळी दारातच होती, आरतीचं ताट घेऊन, अबोला विसरून डोकावणारी. उजव्या कॅमेऱ्याने तिला घेतलंच होतं. नेपथ्य अजून उतरवलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी, प्रेक्षकांशिवाय, त्याच उजेडात आम्ही तिचा एक जवळचा शॉट घेतला. ती खाटेकडे पाहते, ऐकल्यासारखं करते, पदराच्या गाठीला हात घालते आणि म्हणते, ‘चावी? ए तो मारी पासे छे!’ आणि लगेच अबोला आठवून तोंड मिटते.

पहिला टेक, पूर्ण हशा, आणि हशा ओसरताना हा शॉट. वाक्याच्या आधी हशाची शेपटी मी तिच्या चेहऱ्यावर येऊ दिली. तो हशा त्याच जागेचा, त्याच क्षणाचा आहे. चित्र फक्त खाटेवरून दारात गेलं. इतकी मोकळीक संकलकाला असावी असं माझं मत आहे. यापलीकडे नाही. त्याच भागात पुढे गुळपोळीवर एक विनोद होता, तो हॉलमध्ये साफ पडला. तिथे दुसरीकडचा थोडा हशा डकवावा अशी सूचना आली. मी नकार दिला आणि दिग्दर्शकाने साथ दिली. विनोदच काढून टाकला. लोकांनी जो कौल दिला तो खिशात घालून आपल्याला हवा तो कौल लावायचा, तर त्यांना बोलावून उकाड्यात बसवलं कशाला?

काकांना हा तोडगाही पूर्ण मान्य नाही. त्यांच्या मते प्रेक्षकांशिवाय घेतलेला शॉट प्रेक्षकांच्या हशाला लावणं हीही लबाडीच, फार तर लहान. मी त्यांना सांगितलं की लूसीतही छोटे तुकडे लोक घरी गेल्यावर घेत असणारच. ते म्हणाले, ‘असतील. म्हणून मी हसून घेऊ?’ या वयात इतकी कडक निष्ठा पाहून मला त्यांच्याविषयी फार आदर वाटतो, आणि तरीही तो शॉट तिथेच आहे.

भाग त्याच हॉलमध्ये दाखवला, बऱ्याचशा नव्या लोकांसमोर, पंखे चालू ठेवून. खाटेला लोक हसले. बेनच्या वाक्यालाही हसले, आणि तिथे ट्रॅकवर हशा जवळपास नव्हताच, म्हणजे ते हसणं हॉलमधलं होतं. पुढची बारा मिनिटं ‘हे काय चाललंय’ असं कुणी विचारलं नाही.

दुसऱ्या भागासाठी काही गोष्टी बदलल्या आहेत. मोठ्या अंगविनोदाच्या लगेच नंतर गोष्टीचं नाजूक वाक्य ठेवायचं नाही. ते आधी यायला हवं किंवा हशा पूर्ण ओसरल्यावर. लिहितानाच तिथे समासात ‘हशा’ असं लिहून जागा सोडतोय. खाटेसारखं काही असलं की तिन्ही कॅमेऱ्यांनी न हलता तो क्षण घ्यायचा, मागे धावायचं नाही. आणि एकाच दिवशी दोन प्रयोग, दोन वेगळ्या प्रेक्षकांसमोर. ही युक्ती ‘ऑल इन द फॅमिली’ची, १९७१ साली सुरू झालेल्या नॉर्मन लिअरच्या मालिकेची. ते एका दिवसात दोन वेळा, दोन प्रेक्षकांसमोर टेप करायचे आणि दोन्हींतलं चांगलं ते घ्यायचे. तिथे दुसऱ्या टेकचा प्रेक्षक ताजा असतो, त्याला खाट मिटणार हे माहीत नसतं. आमच्या हिशेबात याचा अर्थ दुप्पट चहा आणि दुप्पट शेव उसळ, पण तेवढा खर्च परवडेल असं खजिनदार म्हणतायत. दोन प्रयोगांच्या मध्ये पंखे पूर्ण अर्धा तास चालू राहतील, हेही ठरलंय.

खाट वेल्डरकडे गेली आहे. दुसरा पायही दर वेळी तसाच, पण सावकाश सुटेल अशी खीळ त्याला बसवायला सांगितलीय, आणि आतल्या बाजूला फोम. काकांनी स्वतः जाऊन, आत झोपून माप दिलं.